लसूण मातीत असताना

टप्प.

सगळे गप्प बसलेले असताना लसणाचा गड्डा फळ्यांच्या जमिनीवर पडला की एवढाच आवाज होतो, पण त्या सकाळी मला तो तोफेसारखा वाटला. आम्ही निघण्याआधीचं बसत होतो. घराबाहेर लांब जायचं तर सगळ्यांनी जागा मिळेल तिथे टेकायचं, थोडा वेळ मुकाट राहायचं, मग उठून मागे न बघता चालू लागायचं. सैबेरियाला निघालेल्याला हे चुकत नाही आणि नदीपलीकडच्या दाचावर, म्हणजे बागेतल्या उन्हाळी घरी, निघालेल्यालाही चुकत नाही. माझा नवरा ग्लेब बुटांच्या कपाटावर बसला होता, आमची लेक उस्त्या त्याच्या पायावर, आजेसासू फाया आजी त्यांच्या खुर्चीत आणि मी पालथ्या बादलीवर. माझ्या मांडीवर आजेसासूंचा जुना, लांब नायलॉनचा मोजा होता आणि त्यात गळ्यापर्यंत बेण्याचा लसूण. मोज्याला टाचेपाशी भोक आहे हे मला तेव्हाच कळलं.

गड्डा घरंगळत फाया आजींच्या पायाशी गेला.

"त्याला तुमच्यापेक्षा घाई आहे," आजी म्हणाल्या.

या बसण्यात बोलायचं नसतं. पण बोलल्या त्या आजी, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं नाही असं केलं. मी मोजा खिडकीच्या फळीवर ठेवला, गड्डा उचलून कोटाच्या खिशात टाकला, मग उस्त्याची टोपी सापडेना, ती सापडली, आणि आम्ही मागे न बघता निघालो. मागे बघितलं असतं तर मोजा दिसला असता.

पुलावर पोहोचल्यावर आठवण झाली. ग्लेब इंजिनिअर आहे, शकुनबिकुन मानत नाही. विसरलेली वस्तू न्यायला घरी परतलं की काम बिघडतं, हे तो मानत नाही. "मानत नाही," तो म्हणाला, "पण मागच्या चाकात हवा कमी आहे, उगाच कशाला." आणि गाडी पुढेच नेली. म्हणजे त्या वर्षीच्या लसूण लावणीच्या पहिल्या फेरीला आमच्याकडे फावडं होतं, दंताळं होतं, उकडलेली अंडी होती आणि लसूण एक गड्डा.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगायला हवं.

फाया आजी माझ्या सासूबाईंच्या सासूबाई. वसंतात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आमच्या पाचव्या मजल्यावर राहायला आल्या. दाचा तिकडेच राहिला: 'पहाट' नावाच्या बागसंघात, म्हणजे बागवाल्यांच्या सोसायटीत, एक लाकडी खोली, एक वाफेचं न्हाणीघर, बेरीची झुडपं आणि लसणाचा वाफा. त्या दिवसभर नदीच्या बाजूच्या खिडकीशी बसायच्या. काय बघताय विचारलं तर म्हणायच्या, काही नाही, तिकडे पाऊस आहे का ते बघतेय.

सासूबाई, रिम्मा अर्काद्येव्ना, शाळेतून उपमुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. घरी अजून व्हायच्या आहेत. ऑगस्टमध्ये एका रविवारी चहावर त्यांनी निर्णय वाचून दाखवावा तसा सांगितला. दाचा विकायचा. आईंना आता जमणार नाही, ग्लेबला वेळ नाही, आणि ताया पियानो वाजवते. ताया म्हणजे मी. माझ्याविषयी एवढं एकच वाक्य होतं आणि खोडून काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. गिऱ्हाईकही त्यांच्या ओळखीत होतं, पानगळ झाली की बघायला येणार होतं.

फाया आजी बशीत चहा ओतून फुंकत होत्या.

"विका की," त्या म्हणाल्या. "फक्त लसूण मातीत असताना जागा विकत नसतात."

यावर आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. थंडीतला लसूण शरदात लावतात, तो बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. तोवर ज्याने लावला त्याचा त्या मातीवर पाय असतो. मध्येच जागा विकणं म्हणजे आत पाहुणा झोपलेला असताना घराची किल्ली दुसऱ्याला देणं. 'पहाट'मध्ये असं एकाने केलं होतं, त्याचं नाव अजून घेत नाहीत.

"लसूण मातीत नाहीये, आई," सासूबाई म्हणाल्या. "मोज्यात आहे."

"हो ना. अजून वेळ व्हायचीय त्याची."

"आणि लावणार कोण?"

हा प्रश्न त्यांनी वर्गाला विचारावा तसा विचारला, उत्तर कुणाकडेच नाही याची खात्री असताना विचारतात तसा. मी हात वर केला. खरोखरच वर केला. हातात जॅमचा चमचा होता, तो बाहीत ओघळला.

मी आयुष्यात खिडकीतल्या जिरॅनियमशिवाय काही लावलेलं नव्हतं, आणि तोही मला कंटाळून गेला होता. पण फाया आजींनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू त्यांच्या खिडकीतून अखेर पाऊस दिसला. त्या रात्री मी उस्त्याला झोपवताना इतकी आनंदात होते की अंगाई फार जलद म्हटली आणि ती उठून बसली.

राहिला प्रश्न एकच: लसूण लावायचा कधी.

मला वाटलं, हा साधा प्रश्न आहे. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मातीत हात घातला की हात गारठायला हवा, पण बोट वाकायला हवं. तेव्हा."

मी म्हटलं, आजी, तारीख सांगा ना.

"तारीख लसणाला काय ठाऊक?"

म्हणून मी शेजाऱ्यांना विचारलं. दाचावर शेजाऱ्याला काही विचारणं म्हणजे समोवारखाली, चहाच्या पाण्याच्या बंबाखाली, निखारा टाकणं. डाव्या कुंपणापलीकडे कापामावशी राहतात. त्या चंद्रावर चालतात. काकडी, कोबी, केस कापणं, भांडण, सगळं चंद्राच्या कलेप्रमाणे. जमिनीखाली वाढणारं सगळं कृष्णपक्षात लावायचं, हा त्यांचा कायदा. शुक्लपक्षात लावलेला लसूण वर ओढला जातो आणि एके सकाळी वाफ्यावर उघडा पडलेला दिसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. कुठे ते त्या सांगत नाहीत.

उजव्या कुंपणापलीकडे लूकिच. रेल्वेच्या इंजिनांचे फिटर होते. त्यांनी काठीला थर्मामीटर बांधला आहे आणि ती काठी ते सकाळ-संध्याकाळ जमिनीत खुपसतात. त्यांचं म्हणणं मला पटणारं होतं: बर्फापूर्वी लसणाला फक्त मुळं फुटायला हवीत, पान नाही. लवकर लावला तर कोंब वर येतो आणि थंडीत जळतो. उशिरा लावला तर मुळांवाचूनच गोठतो. मधली जी फट असते तिच्यात बरोबर घुसायचं, आणि ती फट काठी सांगते, चंद्र नाही. "चंद्राला मी कधी काठी टोचलेली नाही," लूकिच म्हणाले, "त्यामुळे त्याच्याबद्दल बोलत नाही." हे त्यांनी कापामावशींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

तर पहिल्या फेरीला खिशात एकच गड्डा घेऊन मी पोहोचले, तेव्हा दोन्ही कुंपणांवर आनंद झाला. विसरलीस ते बरंच झालं, चंद्र वाढतोय, असं मावशी म्हणाल्या. विसरलात ते बरंच झालं, माती उन्हाळ्यासारखी कोमट आहे, असं लूकिच म्हणाले. त्यांचं एकमत होण्याची त्या वर्षातली ही पहिलीच वेळ असावी आणि ती माझ्या विसरण्यामुळे आली, याचा मला अभिमान वाटला. आल्यासारखं निदान वाफ्याला खत तरी घाल, असंही दोघांनी सुचवलं.

इथून ते खतप्रकरण.

घोड्याची लीद मागवली. मला वाटलं होतं पोतीभर येईल. आला ट्रक. 'पहाट'च्या फाटकावर लोखंडी कमान आहे, तिच्यावर उगवता सूर्य आहे. संघाच्या वर्धापनदिनाला अध्यक्ष झखार मिरोनोविच यांनी ती स्वतः वेल्ड करवून घेतली. ट्रक कमानीपेक्षा उंच निघाला. ड्रायव्हर उतरला, त्याने सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळा ढीग फाटकासमोरच ओतून मोकळा झाला. सूचनाफलक अर्धा बुडाला. वरची अर्धी सूचना तेवढी वाचता येत होती: 'सभासदांना नम्र विनंती.'

अध्यक्ष आले. त्यांनी ढिगाला प्रदक्षिणा घातली. सार्वजनिक जागेवर सेंद्रिय पदार्थाची तात्पुरती साठवण करायची तर अर्ज लागतो, असं त्यांनी मला सांगितलं. मी तिथेच, गाडीच्या टपावर कागद ठेवून अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचून परत दिला, कारण 'तात्पुरती' म्हणजे कधीपर्यंत ते लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं. मग त्यांनी विचारलं, अर्जदार सभासद आहे का? सभासद फाया प्रोखोरोव्ना. मी फक्त त्यांच्या मुलाच्या मुलाची बायको. अध्यक्षांनी टोपी काढून डोकं खाजवलं. अशा नात्यातल्या व्यक्तीला खत साठवायची परवानगी देण्याचा प्रसंग संघाच्या इतिहासात आलेला नव्हता.

दरम्यान मी ढकलगाडी ढकलत होते. माझी बोटं म्हणजे आमच्या संगीतशाळेचा आधार आहे; सगळी पोरं व्हायोलिनवर चुकतात आणि मी पियानोवर त्यांच्या मागे धावून त्यांना सावरते. त्या बोटांना फोड आले. दोनतीन खेपा झाल्यावर लूकिच आले, त्यांनी एक मूठ लीद उचलली, वास घेतला आणि हळहळून मान हलवली.

"ताजी आहे, ताया. लसणाला ताजी चालत नाही, कुजतो. पुढच्या वर्षी वापरा."

मी ढकलगाडीतच बसले. उस्त्या माझ्या शेजारी येऊन बसली आणि आपला हलणारा दात जिभेने पुढे-मागे करू लागली. तिचा खालचा पुढचा दात त्या दिवसांत सुटायला आला होता, आणि त्याच्यावरही दोन मतं होती. मावशी म्हणायच्या चंद्र उतरताना ओढ. लूकिच म्हणायचे ओढू नका, तापमान योग्य झालं की आपोआप पडेल.

शेवटी मी फाटकावर चिठ्ठी लावली: ज्यांना हवी त्यांनी न्यावी. संध्याकाळपर्यंत ढीग गेला. बादल्या, टब, बाळाची जुनी बाबागाडी, जे असेल त्यातून माणसं नेत होती. अंधार पडता पडता कोट वर करून दोन बादल्या नेणारा एक गृहस्थ मी ओळखला, पण तो अध्यक्षांसारखा दिसत होता एवढंच म्हणते. अर्जावरचा निर्णय मला अजून कळलेला नाही.

नंतरचे रविवार असेच गेले. मोजा आता बरोबर असायचा, त्याच्या टाचेला मी गाठ मारली होती. पण चंद्र उतरायला लागला तेव्हा अचानक ऊन पडलं, शरदातलं ते कोवळं ऊन, हवेत कोळ्यांचे धागे तरंगत होते, आणि लूकिचच्या काठीने सपशेल नकार दिला. माती गार व्हायला लागली तेव्हा चंद्र पुन्हा चढायला लागला. मी वाफ्याच्या एका टोकाला उभी, हातात मोजा, आणि माझ्या डोक्यावरून दोन्ही कुंपणं एकमेकांशी बोलत. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. एकदा मी धीर करून विचारलं, बाकीचे लोक कधी लावतात? दोघंही एकदम थांबले आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की मी वाफ्याची कडा सारखी करायला घेतली.

खिशातला तो एक गड्डा मात्र खिशातच राहिला. संगीतशाळेच्या कोटघरात वास येतो म्हणून संचालिकाबाईंनी सगळ्यांना नम्रपणे जेवणाबद्दल सुचवलं. माझ्याकडे बघून सुचवलं.

गंमत अशी की मला मजा येत होती. मी सकाळी उठून आधी खिडकी उघडायचे आणि हात बाहेर काढून बोटं वाकवून बघायचे. मागे फाया आजी खुर्चीतून विचारायच्या, "काय म्हणतंय?" मी म्हणायचे, "अजून नाही." मग आम्ही दोघी हसायचो. त्या आल्यापासून मी त्यांना कधी तसं हसताना बघितलं नव्हतं.

मग सासूबाईंचा फोन आला. गिऱ्हाईक पोक्रोवच्या दुपारी बघायला येणार. पोक्रोव म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावरचा सण, त्या दिवशी जमिनीवर पहिली पांढरी चादर पडते असं मानतात, आणि त्याच दिवशी 'पहाट'चं पाणी बंद होतं आणि फाटकाला हिवाळ्याचं कुलूप लागतं. "सगळं स्वच्छ दिसेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि ताया, त्या मोज्याचं आता राहू दे."

मी दोन्ही कुंपणांना फोन केला आणि त्यांना, मला वाटतं आयुष्यात प्रथमच, तडजोड करायला लावली. काठी आणि चंद्र दोघांनाही चालेल असा पोक्रोवचा आदला दिवस निघाला. मी आनंदाने ग्लेबच्या गळ्यात पडले. आणि नेमक्या त्याच दिवशी उस्त्याला ताप आला.

ती दिवसभर माझ्या मांडीवर होती. गरम कपाळ माझ्या मानेखाली, आणि मोजा दाराला टांगलेला. फाया आजी म्हणाल्या, पोर आधी. त्यानंतर त्या खिडकीकडे वळल्या आणि त्यांनी पाऊस आहे का ते बघितलं नाही, नुसत्याच बसल्या. त्यांच्या पाठीकडे बघून मला रडू आलं, आणि मी आवाज होऊ नये म्हणून उस्त्याच्या केसांत तोंड घातलं.

पोक्रोवच्या सकाळी उस्त्याचा ताप उतरला होता. तिने उठल्या उठल्या चहाबरोबर खातात ती कडक पावाची गोल कडी मागितली. बाहेर सगळं पांढरं होतं.

"आजी, लसूण गेला," मी म्हटलं. "बर्फ पडला."

फाया आजींनी हात पुढे केला. "खिडकी उघड. मला दे बघू थोडा." मी फळीवरचा बर्फ त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी तो मुठीत दाबला, पाणी बोटांतून गळलं, आणि त्यांनी बोटं वाकवली, उघडली, पुन्हा वाकवली.

"ओला आहे," त्या म्हणाल्या. "वरची साय गोठली असेल. खाली माती जागी आहे. पळा."

आम्ही निघण्याआधी बसलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. ग्लेबनेच बसू दिलं नाही.

फाटकाला कुलूप होतं. उगवत्या सूर्यावर बर्फाची टोपी चढली होती. मी सळ्या धरून उभी राहिले, लोकरीत गुंडाळलेली उस्त्या शेजारी, आणि आतल्या वाटेवरून अध्यक्ष चालत आले. त्यांनी मला मोठ्या आवाजात नियम सांगितला: पोक्रोवला कुलूप लागलं की प्रवेश नाही. सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"अध्यक्ष म्हणून मी तुम्हाला पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "खासगीत सांगायचं तर, माझ्या बटाट्यांना तुमची ती लीद फार मानवणार आहे."

वाफ्यावर फावडं मारलं तर ते टणकन उडालं. वरची साय चांगलीच कडक होती. मी बोटांनी उकरायला लागले. तेवढ्यात उजव्या कुंपणावरून लूकिच पहार घेऊन उतरले, आणि डाव्या कुंपणावरून कापामावशी आपला वाफाळता समोवार मुलासारखा छातीशी धरून आल्या, आणि त्यांच्या मागून, हिवाळ्याआधीची आवराआवर करायला थांबलेले, लीद नेलेले सगळे. कुणी राख आणली, कुणी फर वृक्षाच्या फांद्या, कुणी पोत्यातून कोरडा पाचोळा. लूकिच साय फोडत, मावशी वाफ्याच्या कडेने गरम पाणी सोडत, आणि लूकिच ओरडत की उकडू नका त्याला, लसूण लावतोय, सूप नाही करत. मी मातीत हात घातला. हात मनगटापर्यंत गारठला. बोट वाकवलं.

वाकलं.

खिशातला तो घाईचा गड्डा काढून सोलला, त्याच्या पाकळ्या वेगळ्या केल्या आणि पहिली पाकळी टोक वर ठेवून टोकली. मग मोजा सोडला. सगळे गुडघ्यांवर होते. उस्त्यानेही ओळ मागितली, तिला शेवटची दिली. ती पावाची कडी चावत चावत एकेक पाकळी अशी ठेवत होती, जसं बाहुलीला निजवावं.

शेवटची ओळ अजून उघडी असताना फाटकाशी गाडीचं दार वाजलं. गिऱ्हाईक लवकर आलं होतं.

सासूबाई त्यांच्या चांगल्या करड्या कोटात होत्या. बरोबर एक ऐसपैस बाई आणि तिचा गप्प नवरा. सासूबाईंनी वाफा पाहिला, समोवार पाहिला, गुडघ्यांवरचं अर्धं 'पहाट' पाहिलं आणि शेवटी मला. त्यांचा चेहरा परीक्षेत कॉपी सापडल्यावर होतो तसा झाला. मी उठायला गेले तर गुडघे मातीला चिकटलेले.

त्या बाईंनी मात्र सरळ वाफ्याकडे येऊन वाकून बघितलं.

"लसूण? आज?" त्या म्हणाल्या. "वाया गेला बघा. येणार नाही हा." आणि सासूबाईंकडे वळून, समजूत घालावी तशा: "काही हरकत नाही. वसंतात मी हे सगळं उकरून काढीन, इथे हिरवळ करायचीय मला."

लूकिचनी पहार खाली ठेवली. सासूबाई हलल्या नाहीत.

"काय येणार नाही?" त्यांनी विचारलं. हळू आवाजात. त्यांच्या शाळेतली मुलं आता चाळिशीला आलीत आणि या आवाजाला अजून घाबरतात.

"अहो, लसूण. उशीर झालाय ना."

"हा लसूण," सासूबाई म्हणाल्या, "मी लग्न होऊन या घरात आले त्या शरदात माझ्या सासूबाईंनी माझ्याकडून लावून घेतला. याहून जास्त बर्फात. मी रडत होते आणि लावत होते. तो आला. त्यानंतर दर वर्षी आला. आणि तुम्ही मला सांगता येणार नाही?"

आणि करड्या कोटातल्या रिम्मा अर्काद्येव्ना बर्फात गुडघ्यांवर बसल्या. हातमोजा काढला, मातीत हात घातला, बोट वाकवून पाहिलं. मग माझी एक पाकळी बाहेर काढली.

"ताया. हे काय आहे? इतकं वर? हेच शिकवतात तुमच्या संगीतशाळेत?" त्यांनी पाकळी दोन बोटं खोल दाबली. "लूकिच, बघत काय बसलात, पाचोळा द्या. कापा, पुरे ते पाणी. ग्लेब, फांद्या. उस्त्या, तुझ्या ओळीत सगळं खोल लावलंस ना?"

"हो, रिम्मा आजी."

"शाब्बास. आईपेक्षा बरी आहेस."

माझा इतका सुंदर अपमान त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

गिऱ्हाईक बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं, आता व्यवहाराचं काय. सासूबाईंनी वर न बघता उत्तर दिलं, लसूण मातीत असताना जागा विकत नसतात. जुलैत या, काढल्यावर बोलू. गप्प नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाला, पण जुलैत काढला की बेण्याचं वेगळं काढून तुम्ही तो पुन्हा शरदात लावणार. "अर्थात," सासूबाई म्हणाल्या. त्या माणसाने समजल्यासारखी मान हलवली, बायकोचा हात धरला आणि जाता जाता अध्यक्षांकडून लीद कुठे मिळते ते विचारून घेतलं.

परतताना गाडीत सासूबाई पुढे बसल्या होत्या. त्यांच्या कोटाच्या दोन्ही गुडघ्यांवर मातीचे गोल होते आणि त्या ते झाकत नव्हत्या. पुलावर त्यांनी एवढंच म्हटलं की मोज्याला नीट रफू हवं होतं, गाठ म्हणजे काय काम असतं.

घरी फाया आजी खुर्ची दाराकडे वळवून बसल्या होत्या. सासूबाईंनी रिकामा मोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. आजींनी तो हाताने सपाट केला, एकदा, दोनदा, आणि मग सासूबाईंच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"त्या घाईच्या गड्ड्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पहिला तोच लावला," मी म्हटलं.

आजी हसल्या, अगदी तोंड भरून, सगळ्या हिरड्या दाखवून. कवळी त्यांनी सकाळपासून घातलेलीच नव्हती. चहा झाला, जॅम आला, सासूबाईंनी आजींची बशी स्वतः भरली. उस्त्या हसली तेव्हा मला तिच्या खालच्या ओळीतली फट दिसली. मी विचारलं, अगं, दात कधी पडला? आणि कुठे आहे, आज रात्री चुलीमागच्या उंदराला द्यायला हवा, म्हणजे तो नवा देतो.

"कडी चावताना पडला," उस्त्या म्हणाली. "मी लावला. माझ्या ओळीत, टोक वर करून. रिम्मा आजीने विचारलं ना खोल लावलंस का, तेव्हा मी हो म्हटलं."

टेबलावर कुणी कुणाकडे बघितलं नाही. ग्लेब चहात गुदमरला. मी तिला जवळ ओढून सांगायला लागले की दात असा नसतो लावायचा, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती फाया आजींच्या उघड्या, हसऱ्या तोंडाकडे बघत होती, कितीतरी वेळ, लूकिच मातीतली काठी बघतात तशी. मग ती माझ्या कानाशी आली, कुजबुजायचं म्हणून, पण तिचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू जातं.

"आई, फाया आजीचे लावायला उशीर झाला का?"